"रिक्वायर्ड" लिहिलंय म्हणजे नेमकं काय लागते? फॉर्म, जाहिरात आणि मेल यासाठी सुरुवातीपासून

अर्ज भरा, नोकरीची जाहिरात वाचा, ॲडमिशनचं माहितीपत्रक उघडा, एक शब्द सगळीकडे भेटते, रिक्वायर्ड. स्पेलिंग आर, ई, क्यू, यू, आय, आर, ई, डी. अर्थ विचारला तर कोणीही सांगते, आवश्यक. आणि तरी ॲडमिशनच्या दिवसात नागपूरच्या बर्डीवर झेरॉक्सच्या दुकानासमोर पोट्टे-पोट्टी हातात फाईल घेऊन एकमेकांना विचारून राहिले असतात की हे डोमिसाईल आताच लागते का, हे नंतर दिलं तर चालते का, आणि हे आपल्याला लागूच आहे का. म्हणजे अर्थ पाठ आहे, पण समोरच्या कागदावर त्या शब्दानं नेमकं काय मागितलं ते कळत नाही. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर इकडून जे नागपूरला शिकायला नाहीतर कामाला आले, मराठी मीडियममधून शिकले, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो आहे. चांगली हुशार पोरं असतात, पण जाहिरातीत पाच ओळी इंग्रजी दिसली की "हे आपल्यासाठी नाही" म्हणून अर्जच करत नाहीत. अर्ज मागे आला तर दुरुस्त करता येते, पण जो केलाच नाही त्याला काही उपाय नाही, म्हणून हे मला फार लागते मनाला.

पहिले हे पाहा की मागून कोण राहिलं

मूळ क्रियापद रिक्वायर. लॅटिनमधल्या शोधणे, विचारणे अशा अर्थाच्या शब्दातून ते निघालं आणि फ्रेंचमार्गे 14 व्या शतकात इंग्रजीत आलं. क्वेश्चन, क्वेरी, इन्क्वायरी, रिक्वेस्ट हे सगळे त्याच मुळाचे. हे पाठ करायची गरज नाही, पण एक गोष्ट यातून घ्या, की रिक्वायर्ड जिथे दिसेल तिथे कोणीतरी काहीतरी मागते आहे. मग स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. मागणारा कोण, आणि नाही दिलं तर काय होते? कायदा मागते, कॉलेज मागते, मालक मागते की नुसतं वेबसाईटचं सॉफ्टवेअर मागते, यानं सगळा फरक पडते. सॉफ्टवेअरनं मागितलं तर फॉर्म पुढे सरकत नाही, एवढंच. मालकानं मागितलं तर बोलून पाहता येते. कायद्यानं मागितलं तर बोलून उपयोग नाही, ते आणावंच लागते.

शेवटचा "ड" म्हणजे भूतकाळ नाही

शाळेत आपल्याला शिकवलं की ईडी लागला की भूतकाळ. वॉक, वॉक्ड. त्यामुळे "डॉक्युमेंट्स रिक्वायर्ड" वाचलं की डोक्यात येते की कागदपत्रं लागली होती. तसं नाही. इथे रिक्वायर्ड हे विशेषणासारखं आहे, लागणारी कागदपत्रं, बस. आत्ता, आजच्या तारखेला लागणारी.

यातूनच एक चूक नागपूरच्या ऑफिसांमध्ये रोज दिसते, "आय रिक्वायर्ड टू डेज लीव्ह." लिहिणाऱ्याला म्हणायचं असते मला दोन दिवस सुट्टी पाहिजे, पण वाचणाऱ्याला ते "मला तेव्हा दोन दिवस सुट्टी लागली होती" असं वाटते. आत्ता पाहिजे असेल तर "आय रिक्वायर" नाहीतर सरळ "आय नीड", आणि सुट्टीच्या अर्जात तर "आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी टू डेज लीव्ह" हेच शोभते. वस्तू आधी आली तर "आर" किंवा "इज" घालून म्हणा, "टू डॉक्युमेंट्स आर रिक्वायर्ड", "युअर सिग्नेचर इज रिक्वायर्ड". हे दोन साचे तोंडात बसले की अर्धं काम झालं.

किती जोरानं मागितलं आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पोरं अर्ज सोडतात ते इथेच.

जाहिरातीत सगळ्या अटी एकाखाली एक लिहिल्या असतात म्हणून सगळ्या सारख्याच वाटतात, पण त्यांचा जोर सारखा नसते. एक नमुना घेऊ, असा मजकूर इतवारीतल्या होलसेलवाल्यापासून हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत कुठलाही मालक छापू शकते, म्हणून मीच तयार केला:

"रिक्वायर्ड अकाउंटंट. बी.कॉम. मस्ट. वर्किंग नॉलेज ऑफ टॅली रिक्वायर्ड. जीएसटी रिटर्न फायलिंग प्रिफर्ड. टू-व्हीलर विथ व्हॅलिड लायसन्स इसेन्शियल. मिनिमम वन इयर एक्स्पीरियन्स. इंग्लिश टायपिंग विल बी ॲन ॲडेड ॲडव्हांटेज."

आता एकेक ओळ सोडवू. पहिल्या ओळीतलं रिक्वायर्ड म्हणजे नुसतं "पाहिजे", जुन्या जाहिरातीत इथे वाँटेड असायचं. ती अट नाही, ती मागणी आहे. "बी.कॉम. मस्ट" यात मात्र सूट नाही, बी.ए. असाल तर हा मालक अर्ज बाजूला ठेवेल. टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याच्यापुढचं रिक्वायर्ड हेही पक्कं आहे, पण पाहा की मागितलं काय, वर्किंग नॉलेज, म्हणजे कामापुरतं येणं. सर्टिफिकेट मागितलंच नाही. व्हाउचर एंट्री करता येते, लेजर काढता येते, बँक रिकन्सिलिएशन जमते, तर तुमची ही अट पूर्ण झाली, क्लास लावला होता की काकाच्या दुकानात शिकले याच्याशी देणंघेणं नाही. जीएसटीच्या पुढे प्रिफर्ड आहे, म्हणजे दोन सारखे उमेदवार आले तर ज्याला येते त्याला घेतील, पण नाही येत म्हणून दार बंद नाही. गाडी आणि लायसन्स इसेन्शियल, म्हणजे अत्यावश्यक, आणि "व्हॅलिड" हा शब्द सोडू नका, मुदत संपलेलं लायसन्स म्हणजे नसल्यासारखंच. मिनिमम एक वर्ष म्हणजे कमीत कमी, पण इथे दहा महिने काम केलेल्यानं अर्ज करायला काही हरकत नाही, खाजगी जागी मालक माणूस पाहून ठरवते. शेवटची टायपिंगची ओळ तर निव्वळ जास्तीची आहे, असेल तर छान.

म्हणजे सात ओळींत खऱ्या अटी तीन, आणि एक बोलून पाहण्यासारखी. ज्याला जीएसटी आणि टायपिंग दोन्ही येत नाही तोही इथे आरामात अर्ज करू शकते.

सरकारी जाहिरातीत हेच जास्त शिस्तीत असते. यूपीएससीच्या भरतीच्या जाहिरातीत इसेन्शियल क्वालिफिकेशन्स आणि डिझायरेबल क्वालिफिकेशन्स असे दोन वेगळे भागच असतात. इसेन्शियलमधलं एकही कमी असेल तर छाननीत अर्ज जाते, तिथे दहा महिन्यांचं एक वर्ष होत नाही. डिझायरेबल म्हणजे असलं तर बरं. आणि हेही लक्षात ठेवा की इसेन्शियल सगळं असलं म्हणजे मुलाखतीला बोलावतीलच असं नाही, अर्ज फार आले तर आयोग आणखी गाळणी लावते आणि तेव्हा डिझायरेबल कामी येते. इसेन्शियलच्या ओळीत "ऑर इक्विव्हॅलंट" असं शेपूट आहे का तेही पाहा, तुमची डिग्री त्याच नावाची नसली तरी समकक्ष म्हणून बसू शकते. आणि अट कोणत्या तारखेला पूर्ण पाहिजे ते पण त्याच पानावर कुठेतरी असते, बहुतेक वेळा अर्जाची शेवटची तारीख. निकाल त्यानंतर लागणार असेल तर "ॲपिअरिंग कँडिडेट्स" चालतात का ते शोधा.

मिहानमध्ये आयटीत जायचं असलेल्यांना एक चांगली गोष्ट सांगतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ज्या कागदांमध्ये लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात, आणि 1997 मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी 2119 लिहिला तो फक्त या शब्दांचा जोर ठरवून देण्यासाठी. त्यात मस्ट, रिक्वायर्ड आणि शॅल हे तिन्ही एकाच पायरीवर, म्हणजे करावंच लागेल. शुड आणि रेकमेंडेड खालच्या पायरीवर, म्हणजे करा, पण खरंच तसं कारण असेल तर परिणाम नीट समजून सोडता येते. मे आणि ऑप्शनल म्हणजे तुमच्या मर्जीवर. जगभरचे इंजिनिअर आपसात गोंधळ नको म्हणून शब्द वाटून घेतात, तर आपल्याला या शब्दांनी अडखळायला झालं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. हीच तीन पायऱ्यांची पट्टी नोकरीची जाहिरात वाचतानाही लावा, पेन्सिलनं प्रत्येक अटीपुढे एक, दोन, तीन लिहा. एकवाल्या सगळ्या जमल्या की अर्ज करा.

लाल स्टार आणि कागदपत्रांची यादी

ऑनलाईन फॉर्मवर काही रकान्यांपुढे लाल स्टार असते, त्याला ॲस्टेरिस्क म्हणतात, आणि वर कुठेतरी बारीक लिहिलं असते "फील्ड्स मार्क्ड विथ ॲस्टेरिस्क आर मँडेटरी." स्टार म्हणजे रिकामं सोडलं तर पुढे जाता येणार नाही. वेबपेज बनवणारे कोडमध्ये त्या रकान्याला चक्क रिक्वायर्ड असाच शब्द लावतात. पण कॉम्प्युटर बहुतेक वेळा एवढंच पाहते की काहीतरी भरलं की नाही, बरोबर भरलं की नाही ते नंतर माणूस पाहते. म्हणून पुढे सरकायचं म्हणून स्टारच्या रकान्यात टिंब नाहीतर डॅश टाकून देऊ नका, फॉर्म तेव्हा जाते पण छाननीत अडकते. नावाच्या रकान्यात तर दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच, आडनाव कुठे येते ते पाहून. आणि उलटही खरं आहे, स्टार नाही म्हणून तो रकाना बिनकामाचा असते असं नाही, कॅटेगरीचा रकाना कधी कधी बिनस्टारचा असते आणि तो रिकामा राहिला तर तुम्ही ओपनमध्ये धरले जाऊ शकता.

कागदपत्रांच्या यादीत वरची ओळ आधी वाचा, खालची यादी नंतर. वर "ऑल द फॉलोइंग" आहे की "एनी वन ऑफ द फॉलोइंग" आहे? बँकेत खातं उघडायला गेले की केवायसीच्या यादीत पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, मतदार ओळखपत्र, नरेगाचं जॉब कार्ड आणि नॅशनल पॉप्युलेशन रजिस्टरचं पत्र अशी सहा नावं दिसतात. गावाहून आलेला माणूस ते पाहून घाबरते की माझ्याजवळ तर पासपोर्ट नाही. अहो, ती सहा मिळून नाही लागत, आरबीआयच्या नियमानं त्यातलं एक चालते. पॅन मात्र त्या यादीतलं नाही, ते वेगळं मागतात, आणि पॅन नसेल तर त्याऐवजी फॉर्म 60 भरून देता येते.

"इफ ॲप्लिकेबल" हे दोन शब्द दिसले तर समजा की ज्याला लागू आहे त्यानंच द्यायचं. "नॉन-क्रिमी लेयर सर्टिफिकेट, इफ ॲप्लिकेबल" हे ओपनच्या पोरासाठी नाहीच. "ओरिजिनल्स रिक्वायर्ड ॲट द टाइम ऑफ व्हेरिफिकेशन" म्हणजे आज झेरॉक्स किंवा स्कॅन चालते, पडताळणीच्या दिवशी मूळ कागद पाहिजे. सेल्फ-अटेस्टेड म्हटलं असेल तर झेरॉक्सवर आपलीच सही, त्यासाठी कोणत्या साहेबाकडे जायची गरज नाही. आणि "ॲज अँड व्हेन रिक्वायर्ड" म्हणजे आत्ता नाही पण जेव्हा मागू तेव्हा द्यावं लागेल, म्हणून ते तयार करून ठेवा, विशेषतः कास्ट व्हॅलिडिटी, कारण ते दोन दिवसात होणारं काम नाही.

नॉट रिक्वायर्ड म्हणजे मनाई नाही

इथे बरेच जण उलटं समजतात. "यू आर नॉट रिक्वायर्ड टू अटॅच अ फोटो" म्हणजे फोटो लावायची सक्ती नाही. लावला तर चालते. "यू मस्ट नॉट अटॅच अ फोटो" म्हणजे लावायचाच नाही. मस्ट आणि रिक्वायर्ड एकाच जोराचे आहेत, पण नॉट लागला की दोघांचे रस्ते वेगळे होतात.

याचं एक उदाहरण प्रत्येक नागरिकाच्या कामाचं आहे. माहितीचा अधिकार कायदा 2005, कलम 6, उपकलम 2. त्यात इंग्रजीत म्हटलं आहे की माहिती मागणारा अर्जदार "शॅल नॉट बी रिक्वायर्ड टू गिव्ह एनी रीझन", आणि संपर्कापुरतं जे लागते ते सोडून बाकी वैयक्तिक माहितीही त्याच्याकडून मागता येत नाही. शब्द नीट पाहा. अर्जदारानं कारण देऊ नये असं कायदा म्हणत नाही. कारण द्यायला त्याला भाग पाडता येणार नाही असं म्हणते. म्हणजे इथे हा शब्द अर्जदाराला नाही, समोरच्या कार्यालयाला बांधते. कुठल्या टेबलवर कोणी विचारलं की ही माहिती कशाला पाहिजे, तर शांतपणे हे कलम दाखवता येते. एका इंग्रजी वाक्याची रचना समजली की हातात किती येते ते मला इथे सगळ्यात जास्त जाणवते, म्हणून हे वाक्य मी ज्याला त्याला पाठ करायला सांगतो.

याच घरातले बाकीचे शब्द

रिक्वायरमेंट हे नाम आहे, म्हणजे अट किंवा गरज. आपल्याकडे बोलताना त्याचा एक वेगळाच वापर पडला आहे, "त्यांच्याकडे पाच पोरांची रिक्वायरमेंट आहे" म्हणजे पाच जागा रिकाम्या आहेत, किंवा ब्रोकर विचारते, "तुमची रिक्वायरमेंट काय, टू बीएचके?" आपसात हे चालते, सगळ्यांना समजते. पण बाहेरच्या कंपनीला मेल लिहिताना रिकाम्या जागेला व्हेकन्सी किंवा ओपनिंग म्हणा. आणि रिक्रूटमेंट वेगळा शब्द आहे, भरती, घाईत वाचताना हे दोन्ही सारखेच दिसतात.

रेक्विझिट. जोर पहिल्या "रे"वर. हा कागदोपत्री शब्द आहे, बोलण्यात येत नाही. "अलाँग विथ द रेक्विझिट फी" म्हणजे जेवढी ठरली आहे तेवढी फी सोबत जोडून. तुम्हाला हा वाचता आला पाहिजे, लिहायची फारशी वेळ येणार नाही, तिथे रिक्वायर्ड फी लिहिलं तरी तेच.

प्रीरेक्विझिट म्हणजे आधी पूर्ण झालेली असावी लागणारी गोष्ट, पूर्वअट. यात वेळेचा क्रम आहे. लर्निंग लायसन्स ही पक्क्या लायसन्सची प्रीरेक्विझिट आहे, ते काढून 30 दिवस झाल्याशिवाय आरटीओत टेस्ट देता येत नाही, मग गाडी एमएच 31 ची असो की एमएच 49 ची. पण टेस्टच्या दिवशी गाडी सोबत नेणं ही प्रीरेक्विझिट नाही, ती रिक्वायरमेंट आहे, त्याच वेळची. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाईन, कोर्स पाहणाऱ्यांनी प्रत्येक कोर्सच्या पानावर हा शब्द शोधावा, तिथे लिहिलं असते की आधी काय आलं पाहिजे. तिथे "निल" किंवा "नन" असेल तर सरळ नाव नोंदवा.

पर्क्विझिट हा शब्द मात्र या कामाचा नाही आणि स्पेलिंग फार जवळचं असल्यानं घोळ होते. पर्क्विझिट म्हणजे पगाराशिवाय मालकाकडून मिळणारी सोय, कंपनीचं घर, गाडी वगैरे, फॉर्म 16 मध्ये दिसते. कोणी बोलताना पर्क्स म्हटलं तर ते याचंच छोटं रूप.

रेक्विझिशन म्हणजे अधिकृत मागणी. मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात, कोणी भरती असेल आणि रक्त लागलं तर वॉर्डातून जो कागद घेऊन ब्लड बँकेत जावं लागते तो रेक्विझिशन फॉर्म. त्यावर पेशंटचं नाव, वॉर्ड, ब्लड ग्रुप, डॉक्टरची सही हे सगळं आहे का ते वॉर्डातून निघायच्या आधी वाचून घ्या, आणि सोबत दिलेल्या सॅम्पलच्या लेबलवरचं नाव फॉर्मवरच्या नावाशी जुळते का तेही, अशा वेळी एक चक्कर वाया जाणं परवडत नाही. हाच शब्द निवडणुकीत अधिग्रहण म्हणून येते, लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 160 खाली गाड्या आणि जागा निवडणुकीसाठी मागवून घेता येतात आणि त्याचा मोबदला द्यावा लागते तो कलम 161 प्रमाणे. स्कूल बस किंवा टॅक्सी चालवणाऱ्यांना असा कागद आला तर घाबरू नका, पण तो विनंतीचा कागद आहे असंही समजू नका.

आता स्वतः लिहायची वेळ

रिक्वायरच्या मागे फॉर लावायची सवय सोडा. "आय रिक्वायर फॉर अ बोनाफाईड" नाही, "आय रिक्वायर अ बोनाफाईड". फॉर लागते ते नामाला, "द रिक्वायरमेंट्स फॉर धिस पोस्ट".

"आय ॲम रिक्वायरिंग" हेही लिहू नका. मराठीत आपण "मला लागून राहिलं" म्हणतो म्हणून तसं लिहावंसं वाटते, पण इंग्रजीत हे क्रियापद त्या रूपात बसत नाही.

माणसाकडून काम करवून घ्यायचं असेल तर माणूस, मग टू, मग क्रियापद. "द कॉलेज रिक्वायर्स स्टुडंट्स टू वेअर ॲन आयडी कार्ड." हेच फिरवलं की "स्टुडंट्स आर रिक्वायर्ड टू वेअर ॲन आयडी कार्ड", आणि नोटीस बोर्डवर बहुतेक वेळा हेच दुसरं रूप दिसते कारण त्यात कॉलेजचं नाव घ्यावं लागत नाही.

वस्तूला काही करायची गरज असेल तर आयएनजी. बुटीबोरीत मेंटेनन्सला लागलेल्या पोरांना लॉगबुकमध्ये हे रोज लागते, "द मोटर रिक्वायर्स रिवाइंडिंग", "द बेअरिंग रिक्वायर्स ग्रीसिंग". मे महिन्यात सगळ्या ऑफिसच्या ॲडमिनला जाणारी तक्रार, "द कूलर पंप रिक्वायर्स रिप्लेसिंग". नीट, छोटं, आणि चूक नसलेलं वाक्य आहे.

एक जरा अवघड आहे पण कर्जाच्या कागदात येते म्हणून सांगतो. "द बँक रिक्वायर्स दॅट द गॅरंटर बी प्रेझेंट." इथे "इज" नाही, "बी" आहे, आणि ती छपाईची चूक नाही. दॅट आल्यावर पुढचं क्रियापद मूळ रूपात राहते. स्वतः लिहायला जड वाटलं तर "द बँक रिक्वायर्स द गॅरंटर टू बी प्रेझेंट" लिहा, अर्थ तोच.

अटी पूर्ण करतो म्हणायचं तर क्रियापद आहे मीट. "आय मीट ऑल द रिक्वायरमेंट्स." फुलफिलही चालते. कम्प्लीट द रिक्वायरमेंट्स कॉलेजच्या कोर्सला चालते, नोकरीला मीटच बरं वाटते.

आता मानाचं. "यू आर रिक्वायर्ड टू" हे वाक्य वरून खाली येते, ऑफिस कर्मचाऱ्याला लिहिते, कोर्ट साक्षीदाराला लिहिते. खालून वर कधी पाठवू नका. एचआरला "यू आर रिक्वायर्ड टू सेंड माय ऑफर लेटर" असं गेलं तर समोरच्याला तो हुकूम वाटते, आणि लिहिणाऱ्या पोराच्या मनात तर तसं काहीच नसते, त्यानं आवश्यकचं भाषांतर केलं असते फक्त. तिथे "कुड यू प्लीज सेंड मी द ऑफर लेटर" लिहा. तसंच "प्लीज डू द नीडफुल" हे आपल्या ऑफिसांत सर्रास चालते आणि आपल्या माणसाला कळतेही, पण नेमकं काय करायचं ते त्यात नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाला उलट मेल करून विचारावं लागते. काय पाहिजे ते नाव घेऊन सांगा.

एक अख्खा मेल देतो, यातली नावं आणि पद बदलून वापरा. नोकरीच्या अर्जासाठीच आहे:

"डिअर मॅडम, आय ॲम अप्लाइंग फॉर द पोस्ट ऑफ अकाउंटंट. आय मीट द एज्युकेशनल रिक्वायरमेंट्स ॲज आय होल्ड अ बी.कॉम. डिग्री फ्रॉम राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर युनिव्हर्सिटी. आय हॅव अ वर्किंग नॉलेज ऑफ टॅली अँड अ व्हॅलिड टू-व्हीलर लायसन्स. आय हॅव टेन मंथ्स ऑफ एक्स्पीरियन्स. आय हॅव नॉट येट फाइल्ड जीएसटी रिटर्न्स ऑन माय ओन, बट आय ॲम रेडी टू लर्न. माय रेझ्युमे अँड मार्कशीट्स आर अटॅच्ड. प्लीज लेट मी नो इफ एनी अदर डॉक्युमेंट इज रिक्वायर्ड. युअर्स सिन्सिअरली."

पाहा की यात मस्टवाली अट आधी आली, मग टॅली आणि लायसन्स, मग जिथे थोडं कमी आहे ते सरळ सांगितलं, आणि जीएसटी प्रिफर्ड होती म्हणून तिच्यावर एकच वाक्य खर्च केलं. टायपिंगचा उल्लेखच नाही, येत असेल तर टाका. शेवटून दुसरं वाक्य कोणत्याही मेलला चालते, ॲडमिशनच्या, बँकेच्या, स्कॉलरशिपच्या. मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि पाठवायच्या आधी अटॅचमेंट उघडून पाहा की लेखी म्हटलेली प्रत्येक फाईल खरंच लागली आहे.